बातम्या सांगताहेत रुखसाना मणियार

कॅमेरामनला कोणी काही विचारत नाही. तो कॅमेऱ्यामागे उभा असतो, म्हणून लोकांना वाटतं याला फक्त दिसतं, ऐकू येत नाही! त्यामुळे लोक त्याच्यासमोर काहीही बोलतात आणि त्याच्याकडे किस्से साठत जातात. दर निवडणुकीला थोडे, दर मंत्र्याच्या दौऱ्याला थोडे. मग नंदुरबार स्टेशनसमोर चहाला बसलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "भटू, ताईचा एखादा किस्सा सांग ना भो!" मी एक सांगायला जातो आणि मागून पाच निघतात.

ताई म्हणजे रुखसाना मणियार. आज तिला सगळं राज्य ओळखतं. तिच्या समोरच्या खुर्चीत बसायचं म्हटलं की भलेभले पुढारी आधी पाणी मागतात. पण मी तिला ओळखतो ती आमच्या गावच्या केबलपासून. तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान. आमचं चॅनेल सोहनशेठचं. शेठ मूळ राजस्थानचे, तीन पिढ्यांपासून इथेच साड्या विकणारे. खाली साड्यांचं दुकान, वर स्टुडिओ. सगळ्या चॅनेलला कॅमेरा एकच, आणि तो माझ्या खांद्यावर!

*

ताई पहिल्यांदा स्टुडिओत आली ती बातम्या द्यायला नव्हे. ईदच्या आधी दुकानाची जाहिरात द्यायला आली होती. कॉलेजात शिकत होती तेव्हा.

नेमका त्या दिवशी आमच्या निवेदकाचा घसा बसलेला. गरम पाणी झालं, हळद-दूध झालं, आवाज काही फुटेना. बुलेटिनची वेळ झाली. शेठने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, मराठी वाचता येतं ना? बस मग!"

तिने कागद हातात घेतले, एकदा सगळे वाचून काढले आणि बसली. पहिल्या दोन बातम्या झाल्या आणि लाईट गेली. कॅमेरा इन्व्हर्टरवर होता, तो चालू. पण स्टुडिओतले दिवे बंद. कागदावरचं अक्षर दिसेना. मी मनात म्हटलं, आटोपलं!

पण अंधारातून आवाज येतच राहिला. नगरपालिकेची सभा, शहादा रस्त्यावरचा अपघात, प्रकाशा गावच्या पुलाखाली वाढलेलं तापीचं पाणी. एकाही नावात चूक नाही. शेवटी "नमस्कार" म्हणाली तरी लाईट आलेली नव्हती.

शेठ थक्क. "बेटा, एवढ्यात सगळं पाठ केलंस?"

"पाठ नाही केलं शेठजी. वाचताना समजून घेतलं होतं. समजलेलं अंधारातही दिसतं!"

आमचा निवेदक भला माणूस. दुसऱ्या दिवशी घसा सुटला, तरी त्याने स्वतः शेठला सांगितलं, "खुर्ची तिचीच. मी जाहिराती बघतो."

*

तिची पहिली निवडणूक. एका गावात चौकातच उमेदवाराशी गावकऱ्यांचा संवाद ठेवला होता. उमेदवार इथलेच, पण बरीच वर्षं पुण्यात राहिलेले. जॅकेट एकदम कडक.

एक म्हातारी उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मागला येले तुम्हीच सांगेल व्हतं, नळले पानी यी म्हनीसन. कोठे शे पानी?"

साहेबांनी जॅकेट सारखं केलं. इकडे तिकडे पाहत ते म्हणाले, "आजी, जरा शुद्ध मराठीत विचारा ना. टीव्हीवर चाललंय. सगळ्यांना कळायला हवं."

म्हातारी गोंधळली. खाली बसायला लागली. ताईने तिचा हात धरला, तिला उभंच ठेवलं आणि माईक साहेबांपुढे नेला. आवाज अगदी मऊ.

"साहेब, प्रचाराच्या गाडीवर तुमची गाणी कोणत्या भाषेत वाजताहेत?"

त्याच वेळी मागच्या गल्लीतून साहेबांचीच गाडी आली. अहिराणीत कोकलत! चौक असा हसला की माझा कॅमेरा हलला. ते फुटेज अजून माझ्याकडे आहे. हललेलं.

पण ताई हसली नाही. हशा थांबेपर्यंत थांबली, आणि मग नळाच्या पाण्याचा म्हातारीचा प्रश्न तिने पुन्हा विचारला. अहिराणीतच.

*

हा किस्सा सांगताना मी अजूनही आधी आवाज खाली घेतो.

एक फार मोठे नेते मुलाखतीला यायचे होते. त्यांच्या एका संस्थेतल्या भरतीवरून जिल्ह्यात बोंबाबोंब चालली होती. आदल्या दिवशी शेठला फोन आला. मुलाखत जरूर घ्या, पण भरतीचा विषय नको.

शेठचा चेहरा उतरला. व्यापारी माणूस. केबलची वायर गावभर उघड्यावर पसरलेली, ती कुठेही कापता येते. ते वर आले आणि हात जोडून म्हणाले, "बेटा, तेवढा एक प्रश्न सोड."

ताईने प्रश्नांच्या कागदावरची एक ओळ खोडली. मग म्हणाली, "सोडते. शब्द दिला, नाही विचारणार."

मला वाईट वाटलं. म्हटलं, शेवटी ही पण वाकली.

मुलाखत लाईव्ह. शेती झाली, रस्ते झाले, साहेब खुलले. शेवटी ताई म्हणाली, "साहेब, आज तुम्हाला एक प्रश्न विचारू नकोस असं मला सांगितलंय. मी शब्द दिलाय, त्यामुळे विचारत नाही. पण तो कोणता, हे तुम्हाला माहीतच असेल. उत्तर तेवढं देऊन टाका!"

मी कॅमेरा हळूच साहेबांच्या चेहऱ्यावर नेला. त्यांनी रुमाल काढला. घाम पुसला. आणि काय आश्चर्य, माणूस बोलायला लागला! भरती कशी झाली, यादीत नातेवाईक कसे आले, सगळं. मध्येच ताईने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावात आमची वायर कापलेली. ताई शेठकडे माफी मागायला गेली. शेठ एक उलगडलेली साडी पुन्हा घडी करत होते. मान वर न करता म्हणाले, "शब्द तर तू पाळलास. वायरचं काय, वायर मिळते बाजारात."

*

धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर रस्ता नव्हता. एका गरोदर बाईला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागलं. पोहोचेपर्यंत मूल गेलं. बातमी फुटली आणि मोठ्या चॅनेलच्या गाड्या तळोद्यापर्यंत आल्या. तिथून जीप, मग पायवाट.

पाड्यावरच्या बाया सगळ्यांकडे पाठ करून बसल्या होत्या. जो तो माईक पुढे करायचा, "सांगा, तुम्हाला काय वाटतं?" कोण कशाला सांगेल?

ताईने माईक माझ्याकडे दिला. जाऊन त्या बाईच्या सासूशेजारी जमिनीवर बसली. म्हातारीचा हात हातात घेतला, बोटं जुळवून हलकेच दाबली आणि तिथल्या पावरी बोलीत काहीतरी बोलली. लहानपणी ती अब्बांबरोबर डोंगरातल्या आठवडे-बाजारांत बांगड्या भरायला बसायची. ही भाषा तिथेच तिच्या कानात शिरलेली.

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. मग आपला हात तसाच तिच्या हातात ठेवून बोलायला लागली. बोलता बोलता रडली. मग सूनही येऊन बसली. मी लांबूनच, झूम करून घेतलं. जवळ जाण्याची हिंमत झाली नाही.

ती बातमी मोठ्या चॅनेलनीही उचलली, राज्यभर चालली. रस्ता मंजूर झाला, आणि झालासुद्धा! उतरताना एका मोठ्या चॅनेलच्या रिपोर्टरने मला बाजूला घेतलं. "तुमच्या मॅडमनी पहिला प्रश्न काय विचारला हो?"

मी तेच ताईला विचारलं. ती म्हणाली, "प्रश्न कुठला? आई, हात फार गार पडलाय तुझा, एवढंच म्हटलं."

*

मग मुंबईच्या चॅनेलने तिला बोलावलं. तिने मलाही ओढून नेलं.

मतमोजणीचा दिवस. एका जागेवर चुरस. शेवटची फेरी बाकी होती, आणि बाकीच्या सगळ्या चॅनेलनी एकाला विजयी करून टाकलं. तिकडे गुलाल उधळला, ढोल सुरू. आमचा प्रोड्युसर आतून ताईच्या कानात ओरडत होता. इतका, की कॅमेऱ्यापाशी मला ऐकू येत होतं. "बोल! जाहीर कर! आपण शेवटचे राहिलो!"

ताईने लाईव्ह चालू असताना कानातला इअरपीस काढला. टेबलावर ठेवला. आणि प्रेक्षकांना म्हणाली, "एक फेरी मोजायची राहिली आहे. त्या मतदारांनीही रांगेत उभं राहूनच मत दिलंय. आपण थांबू या."

टेबलावरचा इअरपीस ओरडतच होता. नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो.

शेवटची फेरी आली आणि निकाल उलटला! बाकीच्यांची पट्टी बदलताना धांदल. प्रोड्युसर बाहेर आला तो तिच्यासाठी स्वतः चहा घेऊन.

संध्याकाळी हरलेल्या उमेदवाराचा फोन. आवाज बसलेला. "ताई, आज सगळ्यांनी मला पाडलं. तुम्ही एकट्यांनी नाही. कारण तुम्ही मला निवडूनच आणलं नव्हतं!"

*

एका पक्षाचे लोक तिकीट घेऊन आले. पेढेसुद्धा बरोबर. "मॅडम, तुम्ही फक्त उभ्या राहा!"

ताई म्हणाली, "मी उभी राहिले तर तुम्हाला समोर बसवून प्रश्न कोण विचारणार?"

पेढे न्यूजरूममध्ये वाटले. आणि संध्याकाळी त्याच पक्षाचा प्रवक्ता समोर असताना तिने आधी प्रेक्षकांना सांगितलं, "आज यांच्या पक्षाने मला उमेदवारी देऊ केली होती. मी नाही म्हटलंय. हे लक्षात ठेवून पुढची चर्चा ऐका." प्रवक्त्याचा चेहरा मी क्लोजअपमध्ये घेतला नाही. दया आली!

*

सुट्टीत गावी आलो की मी अब्बांच्या दुकानात जायचो. कोपऱ्यात छोटा टीव्ही. त्यावर लेक, आणि टीव्हीचा आवाज बंद!

एकदा न राहवून विचारलं, "अब्बा, पोरगी एवढ्या मोठमोठ्या लोकांना गप्प करते, आणि तुम्ही तिलाच गप्प करून ठेवलंय?"

अब्बा गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवत होते. म्हणाले, "आवाज तर सगळी दुनिया ऐकते, भटू. मैं चेहरा देखता हूँ. थकली आहे का, जेवली आहे का. ते बाकीच्यांना नाही दिसत."

ताईला मी हे सांगितलं. त्यानंतर कितीही गडबड असली तरी ती बुलेटिनच्या आधी जेवते.

*

आता हा शेवटचा. यावर माझ्याकडे बोलायला काही नाही, म्हणून नुसता सांगतो.

ताई घरच्या एका लग्नाला गावी आली होती. सकाळी गावात काहीतरी कुजबुज सुरू झाली. मोबाईलवर दंगलीचा एक व्हिडिओ फिरायला लागला. कुठला कोण जाणे, पण खाली लिहिलेलं, आपल्याच गावातला. एका गल्लीत म्हणे असं झालं, दुसऱ्या गल्लीत म्हणे तसं. दुपारपर्यंत शटर खाली. रस्त्यांवर माणूस नाही, पण गच्च्यांवर माणसं. ज्या घरांत कधी काठी नव्हती, तिथे काठ्या निघाल्या.

सोहनशेठचा फोन आला. म्हातारे झाले होते. "बेटा, चॅनेल चालू आहे. काय दाखवू?"

ताई चालत निघाली. मी मागे. सुन्या रस्त्यावरून, तोंड न झाकता. गच्च्यांवरून लोक बघत होते. वर गेली, खुर्चीत बसली. मी कॅमेरा लावला.

"नमस्कार. मी रुखसाना मणियार. हा व्हिडिओ आपल्या गावातला नाही, पोलिसांशी मी बोलले आहे. पण माझं ऐकू नका. खाली नंबर आहे. तुम्ही प्रत्येकाने आपल्या खिडकीतून बाहेर बघा, आणि जे दिसतं तेवढंच मला सांगा."

पहिला फोन यायला वेळ लागला. मग एक बाई म्हणाली, "इथे काही नाही. शेजारची मांजर भिंतीवर बसलीय."

ताईने बातमी सांगावी तशी सांगितलं, "अमुक गल्लीत शांतता आहे. भिंतीवर मांजर बसली आहे."

दुसरा फोन. दूधवाला आलाय. तिसरा. मशिदीसमोर दोघं जण बसलेत, एक तर आपला न्हावीच आहे. मंदिरापाशी पुजारी झाडतोय. चौथा, पाचवा. या मोहल्ल्यातून, त्या पेठेतून. प्रत्येक फोन ती त्याच आवाजात सांगत होती, ज्या आवाजात तिने सरकारं पडल्याच्या बातम्या दिल्या. "भाजीची गाडी निघाली आहे. मेथी आहे." "एका घरी बारसं आहे, ते होणार आहे."

ऊन उतरलं. तिचा घसा बसत आला. शेठ पाणी देत होते. खालच्या रस्त्यावर कुठेतरी एक शटर वर गेल्याचा आवाज आला. मग आणखी एक. मी तिला खुणेने विचारलं, थांबू या का?

तेवढ्यात फोन वाजला. कोणी म्हातारा होता. नाव सांगेना, गल्ली सांगेना.

"बोला बाबा," ताई म्हणाली. "काय दिसतंय तुमच्याकडे?"

फोनमधून आधी त्याच्या टीव्हीतला ताईचाच आवाज ऐकू आला.

"आमना गल्लीमा काहीच व्हयेल नही, माय," तो म्हणाला. "पन तू बोलत ऱ्हाय."