कॉकपिटमधला पिवळा दिवा

प्लास्टिकच्या मॉडेल हेलिकॉप्टरच्या किटमध्ये कॉकपिट म्हणून जे मिळतं ते अगदीच बापुडवाणं असतं. दोन खुर्च्या, एक दांडा आणि समोरच्या पाटीवर चिकटवायला घड्याळांचं छापील चित्र. बाकी सगळं काचेआड जाणार, कोण बघायला येतंय, असं बनवणाऱ्यांना वाटत असावं. मला मात्र त्या काचेआडच्या दीड इंच जागेचंच वेड. मी शाळामास्तर. शाळा सुटली की मी खिडकीपाशी भिंग लावून बसतो. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ओढली की केसाएवढी बारीक होते, तिचे लिव्हर करायचे. तुटक्या इअरफोनमधली तांब्याची तार म्हणजे वायरिंग. गोळ्यांच्या पाकिटावरची चांदी कापून खुर्चीचे पट्टे. चहाच्या डिस्पोजेबल कपातून सुईएवढ्या टिकल्या पाडून बटणं. असं मी वीसेक विमानांच्या आत केलं आहे.

आणि मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून. घरावर ताडपत्री टाकायची वेळ आली की बायको शिडी चढते आणि मी खालून धरतो. विमानात मी कधी पाय ठेवला नव्हता.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात निवडणूक आली की दूरच्या केंद्रांवर मास्तरांना हेलिकॉप्टरनं नेतात, कारण नक्षलवाद्यांमुळे रस्त्यानं जाणं धोक्याचं. इतकी वर्षं मी त्यातून सुटलो होतो. त्या एप्रिलमध्ये माझं नाव यादीत आलं. केंद्राध्यक्ष होते शेजारच्या गावच्या शाळेतले एक सर, दोन वर्षांत निवृत्त होणारे. त्यांनी शाळेच्या दारातूनच हाक मारली.

"काय गुर्जी, खुश ना? जिंदगीभर विमानं बनवली, आता बसासाठी भेटून राह्यलं!"

मी हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा तिनं हातातली भाजी खाली ठेवली.

"अवो, तब्येतीचं कारण सांगून नाव काढून घ्या ना."

"काय सांगू? विमानवाला मास्तर भेतो म्हणून?"

"मंग भेत नाई काय तुम्ही?"

मी नाव काढून घेतलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मैदानावर आम्हाला ओळीत उभं केलं. वजन केलं, टोप्या काढायला लावल्या, पंख्याखालून वाकून जायचं असं तीनदा बजावलं. आम्ही चार कर्मचारी आणि दोन पोलीस. हेलिकॉप्टर दिसायला अगदी लहान होतं. मतदान यंत्राची पेटी माझ्या मांडीवर आली आणि मी नेमका पायलटच्या पाठीमागे बसलो. पंखा जोरात फिरू लागला तसं खुर्चीपासून दातांपर्यंत सगळं हादरू लागलं. जमीन सुटली. मी डोळे मिटले, तर आपण खाली पडतोच आहोत असं वाटलं. उघडले, तर शाळेचं छप्पर काडेपेटीएवढं दिसलं.

मग मी एक केलं. बाहेर बघायचंच नाही असं ठरवून पायलटच्या खांद्यावरून पुढची पाटी बघू लागलो. वेग, उंची, तेलाचा दाब, इंजिनचं तापमान, प्रत्येक घड्याळ ओळखीचं होतं. एकेक नाव मनात म्हणत गेलो. डावीकडच्या लिव्हरच्या मुठीवर काळी टेप गुंडाळलेली होती आणि तिची कड सुटली होती. कागद धरायच्या चिमट्याला रबर बांधलं होतं. पाटीचा एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा नवा होता. असं मोजत मोजत आम्ही उतरलो, तेव्हा पेटीच्या कडांचे वळ माझ्या तळहातांवर उमटले होते.

गाव पंचवीसेक घरांचं. शाळेच्या एकाच खोलीत आमचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी मतदान शांततेत झालं. माणसं सकाळपासून पायी येत होती. बाया झाडाखाली बसून गोंडीत बोलत होत्या आणि आमच्याकडे बघून हसत होत्या. मला जेवण जात नव्हतं. केंद्राध्यक्ष म्हणाले, "गर्मी लागली काय तुम्हाले?" मी हो म्हणालो. खरं तर दर तासाला एकच गोष्ट डोक्यात येत होती. यायचं झालं, पण जायचं बाकी आहे.

मतदानानंतरच्या दिवशी दुपारी हेलिकॉप्टर न्यायला आलं. तेच, टेप सुटलेल्या मुठीचं. पश्चिमेला आभाळ काळवंडलं होतं आणि पायलट घाई करत होता. मी पुन्हा त्याच जागेवर बसलो. या वेळी केंद्राध्यक्ष माझ्या शेजारी होते. दोन रात्रींचं जागरण, त्यामुळे वर जाताच त्यांची मान पेटीवर टेकली आणि ते झोपी गेले. त्या आवाजात माणसाला झोप कशी लागते, याचं मला आश्चर्य वाटलं आणि हेवाही वाटला.

मी माझी घड्याळं मोजायला लागलो. दहा मिनिटं झाली असतील. खाली नुसतं जंगल होतं, एकसारखं, कुठे मोकळी जागा नाही. आणि पाटीच्या वरच्या कोपऱ्यात एक पिवळा दिवा लागला.

दिवा लहानसा, तुरीच्या दाण्याएवढा. त्यावर ‘चिप’ अशी इंग्रजी अक्षरं होती. दुसऱ्या कोणी पाहिला असता तर त्याला त्यातलं काही कळलं नसतं. मला कळलं. आदल्याच वर्षी एका हेलिकॉप्टरचं कॉकपिट करताना ती अक्षरं मी सुईच्या टोकानं लिहायचा प्रयत्न केला होता, आणि तो दिवा कशाचा हे पुस्तकात शोधून वाचलं होतं. पंखा फिरवणारी दातेरी चाकं ज्या तेलात असतात, त्या तेलात लोखंडाचे कण, म्हणजे चिप, सापडले की तो लागतो. म्हणजे चाकं झिजत आहेत, किंवा तुटत आहेत. ती चाकं आमच्या डोक्यावर, छपराच्या पलीकडे, हातभर अंतरावर फिरत होती.

माझ्या कानात त्या आवाजातही शांत झालं. पाठीवरून घाम ओघळला तो कमरेपर्यंत जाणवला. मी वर छताकडे पाहिलं. आवाज बदलला का? मला तो बदलल्यासारखा वाटला. मग वाटलं, पहिल्यापासून असाच होता. पायलटची मान किंचित वर झाली आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं दांड्यावर घट्ट झाली, ते मी पाहिलं. म्हणजे त्यालाही दिसला होता. तो कानावरच्या यंत्रात काहीतरी बोलला.

शेजारी केंद्राध्यक्ष झोपलेले. पलीकडे दोन पोलीस एकाच मोबाइलमध्ये फोटो बघत होते. उठवू का? सांगू का? पण सांगून ते काय करणार होते? दार उघडून उतरायची सोय नव्हती. मी तोंड मिटून बसलो. बायकोचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तो आठवेना. एवढंच आठवे की ती मागच्या दारी तांदूळ निवडत असेल आणि तिला यातलं काही माहीत नसेल. त्या क्षणी मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल तर ती तिला काही माहीत नसण्याची.

हेलिकॉप्टर डावीकडे कललं. झाडांच्या मध्ये धानाच्या चार-पाच कोरड्या बांध्या, लहान खाचरं, दिसल्या. आम्ही त्यांच्यावर उतरू लागलो, हळूहळू, फार हळूहळू. धूळ उडाली, धसकटं उडाली, एक धक्का बसला. केंद्राध्यक्ष जागे झाले.

"आलो काय?"

"नाई सर. पाणी येऊन राह्यलं म्हणून उतरवलं," पोलिसांपैकी एक म्हणाला. पायलटनं त्याला तेवढंच सांगितलं होतं.

खरोखरच थेंब पडू लागले. पोलिसांनी आम्हाला एका बांधावर खाली बसायला सांगितलं आणि स्वतः बंदुका घेऊन दोन बाजूंना झाडांकडे तोंड करून उभे राहिले. ते एकमेकांशीही बोलेनात. मग नवी भीती सुरू झाली. वाऱ्यानं फांदी हलली तरी आम्ही तिकडे बघत होतो. केंद्राध्यक्ष पेटीवर स्वतःचा दुपट्टा धरून बसले होते.

"मशीन ओली नाई झाली पायजे," ते सारखं म्हणत होते.

पाऊस जरा थांबला तेव्हा मी पायलटपाशी गेलो. तो हेलिकॉप्टरला टेकून उभा होता, माझ्यापेक्षा वयानं लहान. मी हळूच म्हणालो, "चिपचा दिवा ना?"

त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. "आपको कैसे पता?"

"मी मॉडेल बनवतो. आतलं सगळं बनवतो."

त्यानं बांधावर बसलेल्यांकडे पाहिलं. मग मराठीत म्हणाला, "बाकीच्यांना सांगू नका."

"तुम्हाला भीती वाटली?"

"वाटली. म्हणून तर उतरलो."

दोन तासांनी दुसरं हेलिकॉप्टर आलं. त्यातून एक मेकॅनिक उतरला आणि आमच्या हेलिकॉप्टरच्या पाठीवर चढून काहीतरी उघडू लागला. आम्हाला दुसऱ्यात बसायला सांगितलं. खरंच सांगतो, मी बांधावर उभा राहिलो आणि मला वाटलं की इथून चालत जाऊ, जंगलातून, काय व्हायचं ते होऊ दे. केंद्राध्यक्षांनी माझा दंड धरला.

"चला ना गुर्जी. काऊन थांबले?"

त्यांच्या हाताला धरून मी बसलो. ती वीस मिनिटं मी डोळे मिटून होतो, आणि या वेळी मोजायला काहीच उरलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोनं जेवायला वाढलं. पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. ती पाठीवर हात ठेवून बसून राहिली. पुढे सहा-सात महिने मी भिंगाला हात लावला नाही. किटचा डबा उघडला की त्या तेलाचा, धुळीचा वास आल्यासारखं व्हायचं आणि तळहात ओले व्हायचे. दिवाळीच्या सुटीत बायको म्हणाली, "तेच बनवा. ज्याच्यात बसले होते, तेच." मला तिचा राग आला. पण चार दिवसांनी मी बसलो.

दोन महिने लागले. सुटलेल्या कडेची टेप, रबर बांधलेला चिमटा, नवा स्क्रू, सगळं आठवणीतून केलं. पिवळ्या दिव्यासाठी ब्रशच्या एका केसानं रंगाचा थेंब ठेवला, तेव्हा तो पसरला. पुसला. तिसऱ्यांदा जमलं.

मागच्या उन्हाळ्यात केंद्राध्यक्ष सर घरी आले, निवृत्तीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, भिंगातून आत पाहिलं आणि खुश झाले. "हेच ना आपलं! अन् हा पिवळा काय आहे जी?"

इतक्या दिवसांत मी बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी मॉडेल टेबलावर अलगद ठेवलं, दोन्ही हातांनी, आणि खुर्चीत बसले.

"म्हणजे तो पाणी येऊन राह्यलं म्हणून नाई उतरला?"

"नाही."

"अन् मी झोपलो होतो."

"हो."

"तुम्हाले मालूम होतं, अन् तुम्ही मले उठवलं नाई?"

बायकोनं पाणी आणलं. त्यांनी पेला हातात घेतला, पण तो कलला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या धोतरावर पाणी सांडलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ते म्हणाले, "बरं केलं गुर्जी. मी तं आरडाओरड केली असती." मग पेला खाली ठेवून, "पण एकट्यानं कसं सोसलं तुम्ही?"

त्या दिवशी ते आमच्याकडेच जेवले. बायकोकडून भाजी दोनदा मागून घेतली.