परत येणारं पाणी

आष्टीहून निघालो तेव्हा गावात टँकर चालू होते, आणि आम्ही निघालो होतो समुद्र बघायला. दूध सोसायटीची अंदमानची सहल दुष्काळाआधीच ठरलेली. तरी स्टँडवर ओळखीच्यांची नजर चुकवतच मी बसमध्ये चढले. मला मेलीला पाण्याची धास्ती जन्माची. विमानातून खाली नुसतं निळं दिसलं, तशी मी ह्यांचं मनगट धरलं ते पोर्ट ब्लेअर येईपर्यंत सोडलं नाही.

सेल्युलर जेलची एवढीएवढीशी कोठडी पाहिली. कैदी पळणार कुठं, चहूकडं समुद्र, असं गाईड म्हणाला. मग बोटीनं नील बेटावर उतरेपर्यंत मी पुन्हा ह्यांचं मनगट धरून बसले.

बेट मात्र डोळे निवतील असं हिरवं. नारळ, सुपारी, भाताची खाचरं. इथली बरीच माणसं फाळणीनंतर पूर्व बंगालातून येऊन वसलेली. शहाळी विकणाऱ्या एक मावशी सांगत होत्या, सासऱ्यांनी जंगल तोडून शेत केलं. जेवणात माछेर झोल (माशाचा पातळ रस्सा) होता. बाकीच्यांनी ओरपला, मी काटे काढण्यातच दमले.

दुपारी ओहोटी लागली. समुद्र पार लांब गेला आणि खालचे प्रवाळ उघडे पडले. डबक्यांतून इवलेसे निळे मासे पळत होते. आमचे हे ते बघत बघत चालतच राहिले आणि दूर एका खडकावर टोपी तोंडावर घेऊन चक्क आडवे झाले.

शहाळं सोलता सोलता मावशींचा हात थांबला. "उनको बुलाओ. पानी चढ़ रहा है."

पाहते तर डबकी एकमेकांना मिळालेली. मी जीव तोडून हाका मारल्या, पण वाऱ्यापुढं एकही पोचेना. मावशींचे यजमान बांबू घेऊन पाण्यात शिरले. मी पाण्याच्या कडेपर्यंत धावले. हे गेले, असंच वाटलं मला.

छातीभर पाण्यातून त्यांनी ह्यांना ओढत आणलं. तळपाय प्रवाळानं फाटलेले. मी रडत रडत वाट्टेल ते बोलले. हे म्हणाले, "अगं, पानी हटलं की हटलं, असंच वाटलं मला. आपल्याकडं गेलेलं पानी कवा परत आलंय?"

कुणी हसलं नाही. सगळे आमच्याच तालुक्यातले होते.

घरी आलो तर गावचं तळं आणखी आटलेलं. पाय बरे होताच हे गाळपेर (आटत्या तळ्याच्या ओलीत करायची पेरणी) करायला आत उतरले. पावसाला किती अवकाश आहे ते मला ठाऊक होतं. तरी मी काठावरून हलले नाही. सगळा गाव पाणी येऊ दे म्हणत होता. मी मनात म्हणत होते, हे वर येईपर्यंत तरी नको.