हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही

आमच्या आमदारांचे विधानसभेतले लेखी प्रश्न मी लिहायचो. सही त्यांची, राग माझा. या प्रश्नांचा साचा ठरलेला असतो: अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली? उत्तर मंत्र्यांच्या नावाने छापून येते, पण मूळ लिहितो जिल्ह्यातला अधिकारी. त्याचाही साचा ठरलेला: हे खरे नाही. पुढचा प्रश्न उद्भवत नाही.

माझी मोठी बहीण एटापल्लीच्या पुढे अंगणवाडी चालवायची. आई तिच्याजवळ राहायची. भर दुपारी बहिणीला साप चावला. आईने शेजाऱ्यांना हाका मारल्या, खाटेवर घालून तिला लगोलग आरोग्य केंद्रात नेले. तिथून मोठ्या दवाखान्यात हलवायचे होते. रुग्णवाहिका दारात उभी होती, चालक नव्हता. दुसरी गाडी मिळेपर्यंत बहीण आईच्या मांडीवर गेली.

आईला मी ब्रह्मपुरीला घरी आणले आणि प्रश्न लिहिला: चालक नसल्याने महिलेचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? उत्तर आले: हे खरे नाही. चालक हजर होता. नातेवाइकांनी रुग्णास आणण्यास विलंब केला.

नातेवाईक म्हणजे माझी आई. ते उत्तर पेपरात छापून आले आणि भेटायला येणाऱ्या बाया विचारू लागल्या, "इतका उशीर काऊन केला व बाई?" आई आधी समजावून सांगायची. मग सांगेनाशी झाली. तिचे जेवणही सुटले. तेव्हाच मी ठरवले, हे उत्तर लिहून पाठवणाऱ्या जिल्ह्यातल्या साहेबाला त्याच्याच सहीने अडकवायचे.

साहेब प्रश्न नीट वाचत नाहीत, हे मला ठाऊक होते. आमदारांचा प्रश्न म्हणजे तक्रारच, असे धरून बाबू सवयीने नकार लिहितो आणि साहेब खाली सही ठोकतात. पुढच्या अधिवेशनात मी उलटे विचारले: त्या दुपारी रुग्णवाहिकेचा चालक केंद्रावर हजर होता, हे खरे आहे काय? असल्यास, त्याने रुग्ण नेण्यास नकार का दिला?

उत्तर छापून आले: हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.

वाचून मला इतका आनंद झाला की खरे तर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. आमदारांनी दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी ठेवली आणि सभागृहाला खोटी माहिती दिली म्हणून हक्कभंगाची सूचना दिली.

थोड्याच दिवसांत साहेब स्वतः आमच्या दारात. एरवी मी भेट मागितली की यांची मीटिंग चालू असायची.

"भाऊ, चूक झाली. आमदारसाहेबांना सांगून मिटवा. नोकरी जाईल माझी."

मी बसा म्हटले नाही. "मला नका सांगू. आत माझी आई आहे. जे खरे आहे ते तिला सांगा."

आई तांदूळ निवडत होती. साहेब उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, तुमच्याकडून उशीर झाला नव्हता."

"मले मालूम आहे," आई म्हणाली. "डायवर कुठी होता?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी आईकडे बोट केले.

"माझ्याकडे. घरच्यांना लग्नाला जायचं होतं. गाडी चालवायला बोलावला होता."

आईने सूप खाली ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बापू, याले सोडू नोको."