गुरुवारचं बीपी

माझा भाऊ गेला तेव्हा त्याच्या बीपीची सरासरी एकदम नॉर्मल होती.

आज वर्ष झालं. सकाळी पुण्यानुमोदन झालं, भन्तेजी येऊन गेले, पाहुणे जेवून गेले. आत्ता कुठे टेकलेय. वहिनी आत झोपलीय. झोपू दे तिला.

खरं तर लिहायचीही ताकद नाही. पण चौकातल्या बॅनरवर दादाच्या फोटोखाली "हसतमुख व्यक्तिमत्त्व" एवढंच छापलंय. तेवढ्यावर सोडवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दादा चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होता. मी ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या पोरांना स्टॅटिस्टिक्स शिकवते.

म्हणजे दोघांचं पोट एकाच गोष्टीवर. ढीगभर मालातले मूठभर पीस मोजायचे आणि सगळ्या ढिगाची सरासरी सांगायची. तो खरोखर मोजायचा, मी फळ्यावर.

एकदा मी त्याला माझ्या वर्गात बोलावलं. आला तो लोखंडी पिनांनी भरलेला क्रेट घेऊनच.

पोरांना म्हणाला, "थोड्या पिना मोजा आणि अख्ख्या क्रेटची सरासरी जाडी सांगा."

पोरांनी वरच्या वरच्या उचलल्या. मोजल्या. सरासरी अगदी हवी तशी आली. एकाने तर कॉन्फिडन्स इंटरव्हलसुद्धा काढून दाखवला. मी मनातून खूश.

दादाने क्रेट टेबलावर पालथा केला.

खालच्या पिना जाड होत्या. सरळ रिजेक्टचा माल.

"वरचा थर मी लावलाय," तो म्हणाला. "आमच्याकडे पण हेच चालतं. इन्स्पेक्टर येणार म्हटलं की चांगला माल वर."

एका मुलीने विचारलं, "सर, आम्ही अजून जास्त पिना घेतल्या असत्या तर?"

"वरूनच घेतल्या असत्या ना? मग चुकीचंच उत्तर जास्त खात्रीने दिलं असतं. नमुना लहान असला तरी चालतो गं. सोयीचा चालत नाही."

हा माझा दादा. आता पुढचं वाचा.

त्याला अधूनमधून चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर घरी बीपी मोजा, सरासरी बघून गोळीचं ठरवू.

दादाने मशीन आणलं. मोजून झालं की स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा, खाली अंगठा. एकदा मोजून समाधान नाही, पुन्हा पुन्हा मोजायचा. आकडे बघून आम्ही सगळे निर्धास्त. डॉक्टरही म्हणाले, गोळीची घाई नको.

एका संध्याकाळी मी ते फोटो नीट बघितले. प्रत्येक फोटोत मागे तीच चेक्सची लुंगी आणि चहाचा कप.

कामाच्या दिवशी दादा लुंगीत कधी असायचा?

तारखा बघितल्या. आपल्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. सगळी रीडिंग्ज गुरुवारची होती.

तिथल्या तिथे फोन लावला.

"दादा, ही सगळी गुरुवारची आहेत."

"मग? मशीनच्या पुस्तकात लिहिलंय, शांत बसून मोजा. बाकीच्या दिवशी शांत बसायला वेळ कुठंय मला?"

"म्हणजे डॉक्टरांना क्रेटचा वरचा थर दाखवतोयस."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "प्रोफेसरीणबाई, बरोबर पकडलंत! एवढं ऑडिट संपू दे. मग सोमवारचं पण मोजतो."

मी खूप चिडले. डॉक्टरांना मीच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, कामाच्या दिवशी घेऊन या. वहिनीने मशीन त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. रोज डबा रिकामा परत यायचा, मशीन तसंच.

ऑडिट संपलं. दुसरं आलं.

सोमवारी सकाळी, कंपनीच्या बसमध्ये, चाकण रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्या डोक्यातली नस फुटली. शेजारच्याला वाटलं, सरांना झोप लागलीय.

"मी सांगितलं होतं" हे वाक्य वर्षभर तोंडाशी येतं आणि मी ते गिळते. कुणाला त्याचा काय उपयोग?

पण राग येतो, दादा. अजून येतो. दुसऱ्यांचे क्रेट पालथे करत फिरलास आणि स्वतःचा तेवढा झाकून ठेवलास.

परवा वर्गात तोच धडा आला. शिकवला. घरी येऊन दिवा न लावता बसून राहिले.

आज त्याच्या लाइनवरचे लोक आले होते. लातूरकडचा एक ऑपरेटर म्हणाला, "सर लई चिडायचे, मॅडम. एकदा माझा सगळा लॉट अडवला. अन् शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता सोता माझ्यासंगं उभं राहून मोजू लागले."

वहिनी म्हणाली, "घरी आले की दारातच बसायचे. बूट काढायचंही त्राण नसायचं. मीच काढायचे."

यातलं मी काहीच बघितलं नव्हतं. तो तळेगावात, मी सांगवीत. माझ्याकडे यायचा तो गुरुवारी. दुपारची झोप काढून, दाढी करून, पोरांना खारी घेऊन. दारातूनच हसत.

बॅनरवाल्याला "हसतमुख" हा शब्द मीच दिला होता.

माझ्याकडे आहे तो दादा सगळा गुरुवारचा आहे.

म्हणून एक विनंती. खाली हात जोडलेले इमोजी नका टाकू. त्याच्याबरोबर काम केलेल्या, बसमध्ये शेजारी बसलेल्या कुणाकडे त्याचा एखादा सोमवार, मंगळवार असेल तर तो लिहा. चिडलेला, दमलेला, कुणाला लागेल असं बोललेला, कसाही चालेल. मला माझा भाऊ पूर्ण हवाय.

दादा, बूट काढ आता. निवांत बस.

जय भीम.