चालायला किटली लागते

मैत्रिणींनो, सकाळपासून नुसती चिडचिड होतेय, म्हणून लिहितेय.

मला शुगर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाळीस मिनिटं चाला. पहिल्या दिवशी उचगावच्या रस्त्यावर रिकाम्या हातानं निघाले, तर चौघांनी विचारलं, "कुठं चाललासा?" शेजारणीनं तर हळूच विचारलं, "घरात भांडान झालं व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून दुधाची किटली हातात घेतली. मग कुणी काही विचारेना. घरच्यांनाही वाटायचं, दुधाला जाते. मी मात्र गोठ्यापर्यंत लांबच्या वाटेनं जायचे. तीन महिन्यांत शुगर उतरली, झोप लागायला लागली. दिवसातला तेवढाच वेळ माझ्या एकटीचा होता.

आज गोठ्याचे मालक शिवाभाऊ म्हणाले, "वैनी, उद्यापास्नं येऊ नगासा. दूध मी गाडीवरनं घरात पोच करतो की. तुमच्या सासूबाईंचा फोन आलता."

घरी विचारलं, तर सासूबाई मायेनं म्हणाल्या, "आजारी मानसानं कशाला एवढं हिंडायचं? बस की जरा." नवरा म्हणाला, "बरं झालं."

आता भांडू कुणाशी? वाईट कुणीच वागलं नाही. नुसतं चालायला जाते म्हटलं, तर म्हणाले अंगणात चाल. आमचं अंगण बारा पावलांचं.

डॉक्टरांनी औषध बरोबर दिलं. पण ते घ्यायला घराला आणि गावाला पटेल असं कारणही लागतं, ते चिठ्ठीवर नव्हतं.

किटली धुऊन पालथी घातलीय. उद्या हातात काय घेऊन बाहेर पडू, तुम्हीच सांगा.