वर्गमूळ कुठे संपलं

आमच्या स्वेतोझार मास्तरांची दृष्टी गेली त्याला आता तीन वर्षं होतील. मी पर्सिदा. मास्तर गणित शिकवतात त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवते, आणि शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी शेजारी. वीस वर्षं मी या माणसाशी रोज भांडत आले आहे, तेव्हा त्यांच्याबद्दल सांगायचा हक्क माझाच.

डोळे गेल्यावरही मास्तर फळ्यावर लिहीतच राहिले. एकदा वर्गावरून जाताना मी सहज आत डोकावले, तर एकाच ओळीवर तीन ओळी चढलेल्या आणि पोरं गुपचूप वहीत काहीतरी खरडत बसलेली. एकाचीही सांगायची छाती झाली नव्हती. मग मीच सांगितलं, तेही माझ्या नेहमीच्या फटकळपणाने. मास्तरांसमोरची कॉफी तशीच निवून गेली. माझी जीभ झडली असती तर बरं, असं मला झालं.

महिन्याभराने पठ्ठ्या कंप्युटर घेऊन हजर. पडद्यावर जे असेल ते मशीन त्यांच्या कानात वाचून दाखवायचं. स्लाइडवर समीकरणाची चौकट उघडायची आणि एकेक अक्षर टाइप करत जायचं. घात आपोआप वर चढतो, अपूर्णांकाची रेघ आपोआप पडते, आणि मशीन ते सगळं परत म्हणून दाखवतं. एक स्लाइड करायला सुरुवातीला त्यांना अख्खी दुपार लागायची. पण मदत घेतील तर शपथ. माझ्याकडे काम एवढंच, पडद्याबाहेर काही गेलं नाही ना ते बघायचं.

वह्या तपासता येत नसत, म्हणून ते पोरांना समीकरणं मोठ्याने वाचायला लावायचे. त्यातही शिस्त कडक. अपूर्णांक सुरू झाला की सुरू म्हणायचं, संपला की संपला म्हणायचं. विसरलं की पुन्हा पहिल्यापासून. याची शाळाभर टवाळी झाली. मधल्या सुट्टीत बेकरीच्या खिडकीशी चीज भरलेला बुरेक मागताना पोरं म्हणायची, "अपूर्णांक सुरू, वर बुरेक, खाली दही, अपूर्णांक संपला." बेकरीवाली वैतागून जायची. हसले मीही, खोटं कशाला बोलू.

शाळेच्या डायरेक्टरांना मात्र हे सगळं डोईजड वाटत होतं. मुलांचं नुकसान होतंय, असं ते आडून आडून सुचवायचे. शेवटी ठरलं की ईस्टर झाल्यावर नोवी साद शहरातून तपासनीस बाई येतील आणि एक तास बघतील. तास जमला तर वर्ग मास्तरांचा. नाही जमला तर अपंगत्वाची पेन्शन घेऊन घरी बसायचं. वय अवघं एकोणपन्नास. घरी बसले तर हा माणूस वर्षभरात खचेल, हे मला लख्ख दिसत होतं.

आणि इथे मी माती खाल्ली.

आदल्या दिवशी मास्तरांच्या अकरा स्लाइड मी बघत होते. पांढऱ्यावर बारीक काळी अक्षरं, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. बाई मागच्या बाकावर बसणार, त्यांना काय दिसणार कप्पाळ? मी समीकरणं मोठी करायला गेले, तर ती माझ्या हाताला दाद देईनात. मग मी सरळ एकेकाचा फोटो काढला, कडा कापून तो ताणून मोठा केला, मूळचं समीकरण पुसून त्या जागी चिकटवला आणि वर निळी किनार दिली. मास्तरांना बोलले नाही. उगाच वाईट वाटायचं, म्हटलं.

तास सुरू झाला. मास्तरांनी बटण दाबलं, कान टवकारला, पुन्हा दाबलं. मागच्या बाकावर तपासनीस बाईंच्या शेजारी मी, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोटो मशीनला वाचता येत नाही. ते त्यांच्या कानात नुसतं "चित्र" म्हणत होतं. पुढची स्लाइड, चित्र. त्याच्या पुढची, चित्र.

मास्तरांनी कानातला इअरफोन काढून खिशात टाकला.

"यास्ना, पडद्यावर काय आहे ते वाच बाळ."

पहिल्या बाकावरची पोरगी उठली. "एक्स बरोबर. अपूर्णांक सुरू. अंशात उणे बी, अधिक-उणे, वर्गमूळ सुरू, बी चा वर्ग उणे चार ए सी."

"वर्गमूळ कुठे संपलं?"

"सी नंतर संपलं, सर. छेदात..." ती अडली. "सर, छेद नाहीच. रेघेखाली चित्र कापलंय."

तो माझ्याच कात्रीचा प्रताप. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. मास्तर मात्र हसले. "कापलंय तर कापलंय. काय असायला हवं, आणि का?" एकाच वेळी पंधरा हात वर गेले. हात त्यांना दिसत नाहीत, हे आठवून पोरं आपापली नावं सांगू लागली. तिथून पुढे अकराही स्लाइड पोरांनी वाचल्या आणि त्यांनी शिकवल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी पेन खाली ठेवलं होतं आणि डोळे मिटून त्या ऐकत होत्या.

तास संपल्यावर मी उठून सगळ्यांदेखत सांगितलं की स्लाइडची वाट मी लावली, यात मास्तरांची काही चूक नाही. बाईंनी मान डोलावली आणि निघून गेल्या. मास्तर म्हणाले, "निळी किनार होती म्हणे. पोरं सांगत होती." तीन आठवडे ते मला त्यावरून छळत होते.

मग पत्र आलं. छापील कागद, त्यांना वाचता येईना.

"गुन्हा तुमचा, तेव्हा वाचायची शिक्षाही तुम्हालाच, पर्सिदाबाई."

मी वाचायला लागले. इतक्या वर्षांत गणित असं कानाने समजलेला वर्ग आपण पाहिला नव्हता, असं बाईंनी लिहिलं होतं. आणि शेवटची ओळ: ते स्वतः नको म्हणेपर्यंत वर्ग त्यांच्याकडेच राहावा. मी कागद धरून नुसती बसून राहिले.

मास्तरांनी टेबलावर बोट वाजवलं.

"बाई, संपलं असेल तर संपलं म्हणा. मला कसं कळणार?"

"संपलं," मी म्हटलं. "पत्र संपलं, मास्तर."