रांगेत न थांबणारी घोडी
बुटांना तेल चोळताना चामड्याचा वास आला की मला जपानमधल्या चिबातलं ते घोड्यांचं मैदान आठवतं. मी सॉफ्टवेअरच्या कामासाठी पुण्याहून तिथल्याच ग्योतोकु गावात आलो, त्या वर्षी ऑफिसातल्या एका जपानी बाईंनी शर्यत बघायला बोलावलं होतं. एकेका स्वाराने घोड्यावरून तीन पिंपांना वळसे घालून, एकही न पाडता, सुसाट परत यायचं. बाई ज्या घोडीवर बसणार होत्या ती वेगवान घराण्यातली, पण तापट. “हिच्या आईची, आजीचीही हीच खोड,” बाई म्हणाल्या. “रांगेत उभी केली की बिथरते आणि आत जाऊन पिंपं पाडते. आज पाडली तर मालक हिला विकणार.” मी विचारलं, “मग उभी करता कशाला?” “अहो, सगळेच उभे राहतात ना!” माझे वडील टांगा हाकायचे, मी घोड्यांतच वाढलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधरही मीच, त्यामुळे बोलायला मला भीड नव्हती. म्हटलं, “चालती ठेवा, पाळी आली की थेट आत न्या.” बाईंनी रांगेतल्या प्रत्येक स्वारापुढे कमरेत वाकून परवानगी मागितली, तेही खोगिरावरूनच वाकले. बाईंना पाठीवर घेऊन घोडी बाहेर फिरत राहिली आणि पुकारा होताच वाळू उडवत आत शिरली. दुसरं पिंप डगमगलं, पण पडलं नाही. घोडी परतली तेव्हा मालक तिची घामेजली मान थोपटत म्हणाले, “राहू दे हिला. हिचं शिंगरू बघायचंय मला.” खोड रक्तातून येते हे मी आजही मानतो, पण धावही त्याच रक्तातून येते, म्हणून माझ्या चुळबुळ्या लेकीला कुणी नावं ठेवली की मी तिला आधी मोकळं मैदान शोधून देतो.